स्पीकर कुठे ठेवाल?

दोन पेट्या, दोन कान आणि आपली दहा बाय सोळाची खोली

घरात नवा साउंड सेट येतो त्या दिवशीचा प्रसंग बहुतेक घरांत सारखाच असतो. बोनसच्या पैशांतून किंवा हप्त्याने सेट घेतलेला असतो. मुले उत्साहाने खोके फोडतात, वायरी सोडवतात, आणि मग प्रश्न पडतो, हे ठेवायचे कुठे? खोली एकच. तिच्यात लोखंडी कपाट, कॉट, टीव्ही, भांड्यांची मांडणी आणि धुण्याची दोरी. शेवटी एक स्पीकर कपाटावर चढतो आणि दुसरा मोरीच्या भिंतीला खिळ्यावर टांगला जातो. दोन्ही वाजतात ना? मग झाले!

पण चार दिवसांनी कुरबुर सुरू होते. ढोल धमधम वाजतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवला की मांडणीवरची भांडी थरथरतात, शेजारचे दार वाजवतात आणि अभ्यासाला बसलेले पोर कानात बोटे घालते. दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, "याहून मोठा वूफर घ्या." म्हणजे पुन्हा हप्ता!

वाचक बंधू-भगिनींनो, हा दुसरा हप्ता भरण्यापूर्वी थोडे थांबा. निम्म्याहून अधिक दोष त्या पेट्यांचा नसतो. तो असतो त्यांच्या जागेचा आणि आपल्या खोलीचा. जागा बदलायला पैसा लागत नाही. लागते ती एक सुतळी, एक आरसा, एक गोधडी आणि रविवारचा एक तास. हे कसे, ते या लेखात पाहू.

दिशा कशी कळते?

प्रथम एक छोटा प्रयोग करा. घरातील एकाला खोलीच्या मधोमध डोळे मिटून बसवा. दुसऱ्याने चपला काढून, पावलांचा आवाज न करता, वेगवेगळ्या बाजूंना जाऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. बसलेल्याने बोटाने दिशा दाखवावी. बोट बहुधा अचूक जाईल. आता त्याला एक कान बोटाने घट्ट बंद करायला सांगा आणि पुन्हा जुडगा वाजवा. आता त्याचे बोट चुकू लागेल.

दोन कान निसर्गाने केवळ शोभेसाठी दिलेले नाहीत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्याला नंतर. हा फरक किती? आवाज पूर्ण बाजूने आला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मेंदू याहूनही बारीक हिशेब करतो. सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही तो अनुकूल स्थितीत ओळखू शकतो. म्हणूनच समोरचा आवाज एका अंशाने इकडे तिकडे झाला तरी आपल्याला कळते. दहा फुटांवर एक अंश म्हणजे जेमतेम दोन इंच!

दुसरी खूण जोराची. आपले डोके मध्ये येते, त्यामुळे पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. बारीक, तीक्ष्ण आवाज या सावलीत अडतो. जाड आवाजाची लाट डोक्यापेक्षा मोठी असते, ती वळसा घालून पलीकडे जाते. म्हणून जाड आवाजाची दिशा आपण मुख्यतः वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि बारीक आवाजाची जोराच्या फरकावरून. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही मांडणी केली. ती मूळ धरून आजही शिकवली जाते.

नसलेल्या जागेवरचा गायक

आता स्टिरिओकडे वळू. स्पीकर दोन असतात, पण ते नीट मांडले तर गायकाचा आवाज डाव्यातूनही येत नाही आणि उजव्यातूनही येत नाही. तो दोहोंच्या मधोमध, जिथे काहीच नाही अशा जागेतून येतो. ढोलकी थोडी डावीकडे, पेटी उजवीकडे, कोरस मागे, असे सारे पथक समोरच्या भिंतीपाशी बसल्यासारखे वाटते. यात जादू काही नाही. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज, त्याच जोराने, त्याच क्षणी दोन्ही कानांवर पडला तर मेंदू म्हणतो, हा आवाज थेट समोरून आला. डावा स्पीकर थोडा जोरात वाजला की गायक थोडा डावीकडे सरकतो.

ज्यांनी हे तंत्र उभे केले त्यांचे नाव ॲलन ब्लूमलाइन. लंडनमधील ईएमआय या कंपनीत ते इंजिनिअर होते. ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या तबकड्या काढणारी कंपनी १९३१ साली आणखी एका कंपनीत मिळून ईएमआय झाली होती. असे सांगतात की, ब्लूमलाइन पत्नीसह बोलपट पाहायला गेले होते. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणाहून! त्यांनी पत्नीला सांगितले, नटाच्या मागोमाग आवाज चालवण्याची युक्ती माझ्याकडे आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज दाखल केला. १९३५ साली त्यांनी काढलेल्या चाचणीच्या फिल्ममध्ये माणसे चालत बोलतात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ७ जून १९४२ रोजी, विमानातील रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून ते मरण पावले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते. स्टिरिओ तबकड्या घरोघरी जाऊ लागल्या त्या १९५८ नंतर. त्या पाहायला ब्लूमलाइन उरले नव्हते.

एका फुटाचा हिशेब

आता आपल्या कामाची गोष्ट. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण एक फूट, वर एखादा इंच. एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा तेवढा आधी पोहोचला की मधला गायक सरळ उठून जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. दुसरा स्पीकर वाजत असतो, पण त्याची वेगळी जाणीव उरत नाही. आधी पोहोचला तो खरा, असा मेंदूचा कायदाच आहे.

याचा अर्थ असा की, एक स्पीकर आपल्यापासून पाच फुटांवर आणि दुसरा सहा फुटांवर असेल, तर स्टिरिओ संपला. दोन पेट्यांचे पैसे दिले आणि एकच ऐकली! आपल्या खोल्यांत हा फरक एक फुटाचा नसतो, चार-पाच फुटांचा असतो. कपाटावरची पेटी एका उंचीवर, मोरीजवळची दुसऱ्या उंचीवर. त्यातून बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. पेटी डोक्यावरून वाजत असेल तर हा झोत समोरच्या भिंतीवर आपटतो आणि कानाशी येतो तो उरलासुरला. शब्दांची स्पष्टता बरीचशी या बारीक आवाजात असते. 'क', 'च', 'ट', 'स' ही अक्षरे त्याच्यावाचून पुसट होतात. म्हणून धमधम ऐकू येते, पण गाणे कळत नाही.

खोलीही वाजते

स्पीकरमधून निघालेला आवाज आपल्या कानाशी एकदाच येत नाही. भिंती, छत, फरशी, कपाटाचा पत्रा, खिडकीची काच यांच्यावर आपटून तो पुन्हा पुन्हा येतो. डावा स्पीकर भिंतीला लागून असेल तर भिंतीवरून उडालेला आवाज मूळ आवाजाच्या मागोमाग, जेमतेम फूट-दीड फुटाचा वळसा घेऊन पोहोचतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण गायकाची जागा पुसट करतो. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असेल तर सगळे पथक एका अंगाला झुकते.

जाड आवाजाची तऱ्हा निराळी. भिंतीजवळ तो वाढतो, कोपऱ्यात सर्वांत जास्त वाढतो, कारण दोन भिंती आणि फरशी मिळून त्याला पुढे ढकलतात. शिवाय दहा फुटांच्या अंतरावर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा सूर अडकून घुमतो. खोली दहा बाय दहा असेल तर लांबी आणि रुंदी या दोन्हींचा सूर एकच होतो आणि घुमणे दुप्पट जाणवते. असा सूर भिंतीपाशी दाट आणि खोलीच्या मध्यावर पातळ असतो. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांना ढोल फार वाटतो आणि मध्ये बसलेल्या नातवाला तो कमी वाटतो. दोघेही खरे बोलत असतात. भांडण्याचे कारण नाही.

खोली आवाज कसा गिळते याचा पहिला शास्त्रशुद्ध हिशेब अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी केला. १८९५ साली त्यांच्याकडे एका नव्या व्याख्यानगृहाची तक्रार आली. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्त्याचे पुढचे कितीतरी शब्द त्यात मिसळून जात. सॅबिन रात्री, रस्ता शांत असताना, दुसऱ्या सभागृहातील बैठकीच्या गाद्या उचलून आणत, एकेक वाढवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. गाद्या वाढल्या तसा घुमण्याचा काळ घटत गेला. आपल्या विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या नव्या सिमेंटच्या सभागृहात वक्त्याचे भाषण मागच्या रांगेला का कळत नाही, याचे उत्तर इथेच आहे. तिथे आणखी दोन भोंगे लावून उपयोग नसतो. जाड पडदे, सतरंज्या आणि भरलेली सभा हाच उपाय. माणसेही आवाज शोषतात.

मांडणी करा

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पुढील कामे एकामागून एक करा. प्रत्येक वेळी तेच एक गाणे, त्याच आवाजात लावा, म्हणजे फरक कळेल.

पहिले, तोंडे जुळवा. दोन्ही स्पीकर एकाच भिंतीपाशी, एकाच उंचीवर आणा. दहा बाय सोळाच्या खोलीत जमल्यास सोळा फुटांची भिंत निवडा, म्हणजे बाजूच्या भिंती लांब राहतात. पेटीतला लहान, बारीक आवाजाचा गोल भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. आपण चटईवर बसत असू तर ही उंची साधारण अडीच फूट, कॉटवर बसत असू तर थोडी जास्त. लाकडी खोका किंवा विटांचा छोटा ओटाही चालेल. मात्र लोखंडी कपाट आणि भांड्यांची मांडणी टाळा. ती स्वतःच वाजतात.

दुसरे, सुतळीने मोजा. दोन स्पीकरमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा. तेवढीच सुतळी घेऊन प्रत्येक स्पीकरपासून बसण्याच्या जागेपर्यंत ताणा. तिन्ही बाजू सारख्या भरल्या पाहिजेत. शाळेत शिकलेला समभुज त्रिकोण तो हाच. दोन्हीकडचे अंतर इंचाइंचाने जुळवा.

तिसरे, भिंतीपासून सुटे करा. मागच्या भिंतीपासून एक-दीड फूट आणि कोपऱ्यापासून दोन-तीन फूट तरी दूर. जागा नसेल तर जितके जमेल तितके. चार बोटे सरकवली तरी फरक पडतो. बसणाऱ्यानेही पाठीमागच्या भिंतीपासून फूटभर पुढे बसावे.

चौथे, आरसा धरा. आपण बसण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीला लागून दाढीचा आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उडून येतो. तिथे जाड गोधडी किंवा पडदा टांगा, किंवा पुस्तकांची फळी लावा. फरशीवर स्पीकर आणि आपण यांच्यामध्ये सतरंजी अंथरा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोधडी बारीक आवाज शोषते. जाड आवाजाचे घुमणे गोधडीने जात नाही, ते पेटीची किंवा बसण्याची जागा बदलूनच कमी होते.

पाचवे, वायर तपासा. स्पीकरच्या मागे आणि सेटच्या मागे लाल व काळी टोके असतात. लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलट जोडले गेले तर एक पेटी हवा पुढे ढकलते त्याच क्षणी दुसरी मागे ओढते. जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक कुठे आहे तेच कळत नाही. शंका आली तर सेट बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी उलटा आणि पुन्हा लावा. ज्या जोडणीत ढोल भरदार आणि गायक मधोमध, ती जोडणी बरोबर.

सहावे, वूफर वेगळा असेल तर तो दोन्ही स्पीकरच्या मध्ये किंवा जवळपास जमिनीवर ठेवा, कोपऱ्यात नको. अतिशय जाड आवाजाची दिशा खोलीत कळत नाही, पण स्वस्त सेटचा वूफर थोडा वरचा आवाजही काढतो. तो दूर ठेवला तर ढोलकी एकीकडे आणि गायक भलतीकडे जातो.

आता परीक्षा. एखादे जुने गाणे लावा. जुनी अनेक गाणी एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेली आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तेच येते. डोळे मिटा. आवाज मधोमध, एकाच जागेवरून आला तर मांडणी जमली. तो पसरट वाटला तर वायर पाहा, एका बाजूला झुकला तर सुतळी पुन्हा धरा.

एक अडचण राहते. त्रिकोणाचे टोक एकच आणि घरात माणसे पाच. अशा वेळी दोन्ही स्पीकर आत इतके वळवा की त्यांचे झोत मधल्या माणसाच्या थोडे पुढेच एकमेकांना छेदतील. मग डावीकडे बसलेल्याला डावा स्पीकर जवळ असला तरी त्याचा झोत अंगावरून बाजूला जातो आणि लांबच्या उजव्या स्पीकरचा झोत त्याच्याकडे येतो. तूट पूर्ण भरून निघत नाही, पण बरीच कमी होते. आणि मोबाइलला जोडायचा एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर त्यात दोन बाजू शोधू नका. तो कानाच्या उंचीवर, भिंतीपासून सुटा ठेवा. तेवढ्यानेही शब्द उजळतात.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही

कोणी म्हणेल, गाणे ऐकण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर आवाजाच्या बटणात आहे. शब्द स्पष्ट आले की बटण आपोआप खाली येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलच्या आत असावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे. मोठ्या आवाजाने कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यात मशीनपुढे आठ तास उभे राहून आलेल्या कानांना घरी तरी विसावा मिळाला पाहिजे. आजीला टीव्हीवरील बातम्या कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो आणि तिच्याशेजारी बसलेल्या नातीचे कान पणाला लावतो. त्याऐवजी स्पीकर आजीच्या समोर, तिच्या कानाच्या उंचीवर आणून पाहा.

आणि किल्ल्यांचा तो प्रयोग पुन्हा एकदा घरातील प्रत्येकावर, विशेषतः मुलांवर करा. एखादे मूल दोन्ही कान उघडे असतानाही सतत चुकत असेल, कुठूनही आवाज आला तरी एकच बाजू दाखवत असेल, तर त्याला एका कानाने कमी ऐकू येत असण्याची शक्यता आहे. असे मूल शांत खोलीत सगळे ऐकते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. पण वर्गातल्या गलक्यात त्याला बाई काय म्हणाल्या ते कळत नाही आणि रस्ता ओलांडताना हॉर्न कोणत्या बाजूने वाजला ते कळत नाही. त्याला आपण 'दुर्लक्ष करतो', 'धांदरट आहे' म्हणून रागावतो! कानात काडी किंवा तेल घालू नका. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो, कधी पडद्याला इजा असते. तोवर शाळेत बाईंना सांगून त्याला पुढच्या बाकावर, चांगला कान वर्गाकडे आणि बाईंकडे राहील असा बसवा.

शेवटी एक विनंती. मांडणी पूर्ण झाली, सुतळी जुळली, गायक मधोमध उभा राहिला की त्या मधल्या जागेवर सर्वप्रथम कोण बसते ते पाहा. बहुधा सेट आणणारा बसतो, नाही तर मुले. घरातली आई ओट्याशी उभी असते आणि तिच्यापर्यंत आयुष्यभर एकाच बाजूचा, अर्धा आवाज पोहोचतो. तेव्हा गॅस बंद करा, तिला हाताला धरून त्या जागी बसवा, डोळे मिटायला सांगा आणि तिच्या आवडीचे गाणे लावा. पाच मिनिटे भाकरी थांबली तरी चालेल.